कोमाद्रे आणि नोटरी

२१ जून २०११, मंगळवार

डॉक्टर म्हणाला, "सेन्योरा एदेल्मिरा, ओरडणं बंद करा. राग आला की वहीत लिहा. नाहीतर एक दिवस ओरडता ओरडताच जाल." कालचं पोर, मला शिकवतंय! पण रक्तदाबाचा आकडा बघून मीही जरा टरकले. म्हणून ही वही.

मिस्तीवर काल बर्फ पडलंय. आमच्या आरेकिपात ज्वालामुखीवर बर्फ पडलं की माणसांची डोकी फिरतात, त्याला नेवादा म्हणतात. समोरच्या खानावळीची पेत्रोनिला म्हणते, "तुझी नेवादा वर्षाचे बाराही महिने असते ग, डोंगराचं नाव कशाला बदनाम करतेस?" तिला बोलायला काय जातंय.

आज राग येण्यासारखं काही झालं नाही. एक बाई पासपोर्टचा फोटो मागायला आली. तिला हाकलून दिलं.

२४ जून, शुक्रवार

लिहिते. ओरडत नाही, लिहिते.

झोराइदाचं पत्र आलं. माझी धाकटी बहीण. बावीस वर्षांत पाचसहा पत्रं, त्यातलं हे. एवढंच लिहिलंय: "ताई, तीन जुलैला येतेय. आठवडाभर राहीन. बाबांनी लिहून ठेवलंय त्याप्रमाणे कोमाद्रे घेऊन जाईन."

घेऊन जाईन म्हणे! तिच्या सासऱ्याची पेंड आहे का?

कोमाद्रे म्हणजे आमची जुनी लेन्स. पितळेची, पॅरिसहून आलेली, सव्वाशे वर्षांची. आजोबांनी घेतली, बाबांनी वापरली, आता मी वापरते. आपल्या लेकराला बाप्तिस्म्याला उचलून धरणारी मैत्रीण म्हणजे कोमाद्रे. ती तोंडावर कधी वाईट बोलत नाही, म्हणून बाबांनी लेन्सला हे नाव ठेवलं. तिच्यातून डोळे लखलखीत येतात आणि कानापर्यंत जाता जाता सगळं मऊ होत जातं. पन्नाशीची बाई चाळिशीची दिसते. गोड खोटं सांगते झालं, असं मी म्हणते. आमच्या यानावारा वस्तीतल्या बायका आठ बाय दहा इंची लाकडी कॅमेऱ्यासमोर अजून बसायला येतात त्या माझं तोंड बघायला नाही, कोमाद्रेसाठी येतात. दुसरी एक लेन्स आहे, नवी, काळी, जर्मन. ती मी पंधरा वर्षांपूर्वी घेतली, विद्यापीठाच्या जुन्या नकाशांचे आणि चर्चच्या भिंतींचे फोटो काढायला. तिला मी नोटरी म्हणते. समोर जे असेल ते सगळं नोंदवते, एक सुरकुती सोडत नाही. नोटरीसमोर कुठली बाई आपणहून बसेल? कोमाद्रे गेली की हा स्टुडिओ बंद. इतकं साधं आहे.

आणि बाबांनी खरंच लिहून ठेवलंय. घर आणि कॅमेरा मला, कोमाद्रे धाकटीला. शेवटी शेवटी म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय? बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी लेन्स दिली नाही, तिने मागितली नाही. मातीला सुद्धा आली नाही. फुलांचं चक्र पाठवलं फक्त.

सरहद्दीपलीकडे, सान्तियागोला, दाताच्या डॉक्टरची बायको आहे ती. बागेचं घर आहे, असं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तिला लेन्स कशाला हवी? दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवायला.

२५ जून, शनिवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. ती का गेली ते.

१९८९चा मे. प्रीफेक्टच्या, म्हणजे इथल्या बड्या सरकारी साहेबाच्या, मुलीचं लग्न, अख्खं शहर लोटलेलं. बाबांनी चर्चमध्ये कोमाद्रेवर बारा निगेटिव्ह काढल्या. धुतल्यावर बघतो तर मधे वधूवर कसेबसे दिसतायत आणि बाजूचे सगळे, बिशप, आईबाप, सगळे पाण्यात वाहून गेल्यासारखे गरगर फिरलेले. बाराच्या बारा तशाच. बाबांनी लेन्स उघडली. मागची एक काच उलटी बसलेली. चर्चमधल्या अंधारात बाबांनी काळ्या कापडाखालून फक्त नवरीवर नजर लावली होती, त्यांना कळलंच नाही.

आदल्या दिवशी लेन्स उघडून पुसली होती कोणी? झोराइदाने. मी तिला डार्करूमच्या दारातच धरलं. म्हटलं, या डार्करूमला पुन्हा तुझा हात लागता कामा नये. बरंच काय काय म्हटलं. गल्ली गोळा झाली होती. बाबा खुर्चीवरून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन गेली, सत्तावीस वर्षांची घोडी. तीन पिढ्यांचं नाव मातीत घातलं, मग ओरडू नको तर काय आरती करू?

३ जुलै, रविवार

आली.

सकाळी पेत्रोनिलाकडे आदोबो खायला बसले होते, रविवारचा नेम. तेवढ्यात टॅक्सी थांबली. ओळखलंच नाही मी. वाळून काडी झालीय. केस पांढरे, रंगवलेले सुद्धा नाहीत. आणि हातात पांढरे सुती हातमोजे! जुलैच्या उन्हात! अंगाला अत्तराचा इतका भपकारा की डुकराच्या रश्श्याचा वास मेला.

"कशी आहेस ताई?"

"दिसतेय ना. बस, खा."

हातमोजे घालूनच खायला बसली. पाव सुरीने कापून काट्याने खाल्ला. आदोबोतला पाव! काट्याने! पेत्रोनिला माझ्याकडे बघायला लागली.

"हातांना काही झालंय का ग पोरी?" पेत्रोनिलाने विचारलं.

"कातडीचा त्रास आहे. ऊन सोसत नाही."

ऊन सोसत नाही म्हणे. याच उन्हात अनवाणी फिरून आंबट द्राक्षं चोरायची ती. डॉक्टरीणबाई झाल्या, आता ऊन सोसत नाही. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हे.

४ जुलै, सोमवार

सकाळी उठून बघते तर बाई डार्करूमच्या दारात उभ्या. आत नाही गेली, उंबऱ्यावरच. मला बघून म्हणाली, "ताई, तुझा हायपो संपलाय. बदल."

"तुला काय कळतंय?"

"वास येतोय."

फोटो पक्का करायचा तो हायपो मी मुद्दाम बदलला नाही. दुपारी कागदावर डाग पडले तेव्हा बदलला. जुनाच होता, तो आज नाही तर उद्या संपणारच होता. चार वर्षांचं पोर सुद्धा ओळखेल.

संध्याकाळी विषय काढला. म्हटलं, "तुझा नवरा काय म्हणतो? घरात जुनं पितळ हवंय का त्याला?"

"बरा आहे," म्हणाली. विचारलं काय, सांगते काय! आणि लगेच कुंड्यांना पाणी घालायला उठली. डॉक्टरच्या घरी नोकरचाकर असतील, हिला पाणी घालायची हौस.

६ जुलै, बुधवार

आज खरं भांडण.

तिने लेन्स बघायला मागितली. नाही कसं म्हणणार? आणून टेबलावर आपटली. म्हणजे आपटली नाही, ठेवली, पण आवाज येईल अशी.

तिने ती उचलून खिडकीकडे तिरकी धरली, मग एका डोळ्याने आरपार बघितलं, मग उलटी करून पुन्हा. "आत धुरकट व्हायला लागलीय. तेलाची वाफ आहे. पुसली कधी होतीस?"

"पुसायला घरात आता कोणी नाही. जी होती तिने काय दिवे लावले ते जगाला माहीत आहे."

तिने मागचं कडं फिरवून सोडवलं, हातमोज्यातल्या बोटांनीच, आणि शेवटची काच रुमालावर काढून ठेवली. मग काचेची कडा माझ्यासमोर धरली. कडेवर पेन्सिलीचा बारीक बाण.

"हा मी काढला होता. तेव्हा. बसवताना चूक होऊ नये म्हणून. बाणाचं टोक नेहमी फोटो काढणाऱ्याकडे."

"मग बाण काढूनही चुकलीस? शाबास!"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर मला लहानपणापासून सहन होत नाही. मग काच जागेवर ठेवली, कडं घट्ट केलं आणि म्हणाली, "चहा करू का?"

चोराच्या उलट्या बोंबा. बाण काढला म्हणे! चुकल्यावर दुसऱ्या दिवशी काढला असेल. त्या दिवशी लेन्स तिनेच पुसली, तिनेच बसवली. संध्याकाळी मी एकदा उघडली होती, ते खरं, आत धुळीचा एक कण दिसला म्हणून. मागची काच काढली, फुंकर मारली, लावली. अर्ध्या मिनिटाचं काम. माझ्या हातांना ते डोळे मिटून येतं. आयुष्य गेलंय यात.

रक्तदाब मोजला. आकडा लिहीत नाही.

७ जुलै, गुरुवार

पेत्रोनिलाकडे चिचा, आमची मक्याची दारू, प्यायला गेले आणि सगळं ओकले. ती भांडं घासता घासता ऐकत होती.

"देऊन टाक ना. बापाने लिहिलंय."

"आणि खाऊ काय? तुझी हाडं?"

"नोटरी आहे की."

"नोटरीवर तू बसशील?"

"मी? माझं तोंड नोटरीने नोंदवलं तर नोटरीलाच भरपाई द्यावी लागेल." खो खो हसली. मग भांडं पुसता पुसता म्हणाली, "एदेल्मिरा, तुझी बहीण सुखी बाई वाटत नाही हं मला. सुखी बाई इतकं अत्तर ओतत नाही. काहीतरी दुसरा वास झाकायचा असतो."

दारूच असणार! माझ्या डोक्यात हे आलं कसं नाही? डॉक्टरची बायको, रिकामं घर, दुपारची बाटली. हात थरथरत असतील म्हणून हातमोजे. आता सगळं जुळलं.

८ जुलै, शुक्रवार

रात्री जेवताना ती म्हणाली, "ताई, जायच्या आधी माझा एक फोटो काढ. कोमाद्रेवर. बाबा म्हणायचे ना, घरातल्या बाईचा पन्नाशीचा फोटो घरच्याच लेन्सवर काढायचा. मला सप्टेंबरात पन्नास लागतील."

आमच्या घरची रीत आहे ती. माझा बाबांनी काढला नाही, ते आधीच गेले. मी स्वतःच दोरी ओढून काढला. कोणी कौतुक केलं नाही.

"काढू की," म्हटलं.

आणि मनात ठरवलं. तुला कोमाद्रे हवी ना? नोटरी लावते. एक्सरेची फिल्म भरते. माझ्याकडे तीच असते, हॉस्पिटलच्या दुकानातून आणून कापते, दुसरी इथे मिळत नाही. त्या फिल्मला लाल, तपकिरी दिसत नाही, सगळं काळं उतरतं. प्रत्येक वांग, प्रत्येक डाग, नाकावरची प्रत्येक फुटकी शीर. बघ म्हणावं, बावीस वर्षांच्या बाटलीने तोंडाचं काय केलंय. तो फोटो मोठा करून तिच्या डॉक्टरला पाठवते.

हे लिहिताना बरं वाटतंय. डॉक्टर म्हणाला होता तसं.

९ जुलै, शनिवार

काढला.

सकाळी दहाचं ऊन उत्तरेच्या काचेतून छान येत होतं. मी नोटरी आधीच बसवून ठेवली होती. म्हटलं, बघू ओळखते का. ती आली, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, लेन्सकडे बघितलं. चांगलं बघितलं. कोमाद्रे पितळी, वरवंट्याएवढी, आणि ही बशीएवढी काळी. आंधळ्यालाही कळेल. पण ही सरळ जाऊन खुर्चीत बसली. शिकलेलं सगळं विसरली म्हणायची. आणि हिला कोमाद्रे हवी!

आधी शालीत हात गुंडाळून बसली होती. मी काळ्या कापडाखाली शिरले, घासलेल्या काचेवर तिचा डोळा भिंगातून बघत होते, उलटा. डाव्या डोळ्याखाली पिशवी आहे. कपाळावर सात आठ्या, मी मोजल्या. खुश झाले. भाता जरा पुढे घेतला. तेव्हा काचेच्या वरच्या टोकाला काहीतरी हललं, म्हणजे खाली तिच्या मांडीवर. हातमोजे काढत होती. गरम होत असेल. हात गुडघ्यांवर सपाट ठेवले, बोटं पसरून. शाळेत बाई नखं तपासायच्या तेव्हा ठेवायचो तसे. कसली ही पोझ? म्हटलं, तुझी मर्जी. माझं लक्ष तोंडावर होतं.

"हलू नकोस."

"नाही हलत. तू सावकाश काढ ताई. लेन्सचं छिद्र बारीक कर, सगळं येऊ दे."

आली मोठी मला शिकवणारी. बारीक केलंच होतं.

दोन फिल्म काढल्या. मी कापडाबाहेर आले तोवर हातमोजे परत चढवलेले.

मग दारात थांबून म्हणाली, "कोमाद्रे राहू दे तुझ्याकडे. मला फोटो तेवढा पाठव."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेव. तुला लागते."

आणि वर म्हणाली, "कोमाद्रे लोकांना खोटं सांगते, असं तू म्हणतेस ना? ती खोटं सांगत नाही ग. ती फक्त सगळीकडे बघत नाही."

तुला लागते! मी काय भीक मागितली होती? अकरा वर्षं छातीवर दगड ठेवून लेन्स सांभाळली आणि ही मला दान करून जाणार. पेत्रोनिला म्हणाली, "अग मग जिंकलीस की." जिंकले. खरंच जिंकले. मग रात्री घास का उतरला नाही, कोण जाणे. भरलेल्या रोकोतो मिरच्या फारच तिखट निघाल्या होत्या.

१० जुलै, रविवार

नीट क्रमाने लिहिते. आता दुपारचे चार वाजलेत.

सकाळी ती आदोबोला थांबली नाही. सरहद्दीवरच्या ताक्नाची बस एकची, पण टर्मिनलवर आधी जाऊन बसते म्हणाली. मी "बरं" म्हटलं. दारापर्यंत गेले नाही. डार्करूममध्ये गेले आणि तिच्या फिल्म धुवायला घेतल्या. तोंड बघायची घाई होती.

साडेअकराला निगेटिव्ह ओली असतानाच उजेडावर धरली. चाळीस वर्षं मी रिटचिंग करतेय. निगेटिव्ह मला पाटीवरच्या अक्षरांसारखी वाचता येते, छापायची गरज नाही. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. तोंड बघितलं. आठ्या होत्या, पिशव्या होत्या, थकलेलं तोंड होतं. दारूचं नव्हतं. दारूचं तोंड मला कळतं, आमचे काका तसेच गेले.

मग खाली हात. दहाही नखं कोरी काच होती. निगेटिव्हवर कोरी म्हणजे खरी काळीकुट्ट. नुसती नखं नाहीत, बोटांची पेरं पण, आणि पेरांवर उभ्या आडव्या भेगा. भिंगाखाली घेतलं. नोटरीने एकेक भेग नोंदवलेली.

असे हात जगात एकाच कामाने होतात. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये मोठ्या फिल्म नुसत्या हाताने पालथ्या घालून घालून. जुन्या पद्धतीचं पायरो असतं, ते नखं रंगवतं आणि कातडी फाडतं. एका वर्षात नाही होत असे. दहा वर्षांत पण नाही. मी स्वतः कधी पायरोला हात लावला नाही, मला माझे हात प्यारे.

दाताचा डॉक्टर नाही. बाग नाही. बावीस वर्षं ही बया कुणाच्या तरी डार्करूममध्ये ट्रे हलवतेय. आणि अत्तर कशाला ते पण कळलं.

पहिल्यांदा मला काय आला असेल तर रागच आला. माझ्याशी खोटं! मला काय वाटेल म्हणून खोटं! मी काय राक्षसीण आहे? म्हटलं, थांब, तुझी लेन्स तुझ्या टाळक्यात घालते. ने तुझी लेन्स. आणि धुरकट दिली म्हणून गावभर सांगायला नको, म्हणून ती पुसायला घेतली.

मागचं कडं सोडवलं. शेवटची काच काढली, फुंकर मारली, कपड्याने पुसली आणि परत बसवायला गेले. फुगीर बाजू बाहेर. बाबांच्या बाकीच्या जुन्या लेन्सची मागची काच अशीच बसायची, बाबांनी लहानपणी शिकवलं, फुगीर बाजू बाहेर. हात आपोआप जातो. काच खोबणीत टेकली आणि मला कडेवरचा बाण दिसला. टोक आत होतं. माझ्याकडे नाही, आत.

काढली. पुन्हा डोळे मिटून, विचार न करता बसवली, जशी नेहमी बसवते तशी. बाणाचं टोक आत.

त्या संध्याकाळी अर्ध्या मिनिटाचं काम मी असंच केलं होतं.

नोटरीची काच फुटली असती तर बरं, मी मेले असते तर बरं, असं काहीबाही डोक्यात येत होतं. मग काच बाणाप्रमाणे बसवली, कडं आवळलं, लेन्स लोकरीच्या टोपीत गुंडाळली आणि तशीच घरच्या चपलांवर धावत सुटले. टॅक्सीवाला रेडिओवर मॅच ऐकत होता. त्याच्यावर इतकी ओरडले की त्याने सिग्नल तोडला.

टर्मिनलवर माणसांची खच्चून गर्दी. ताक्नाच्या बसपाशी रांग लागलेली. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी. मी बसमध्ये चढले. कंडक्टर आडवा आला, त्याला ढकललं.

"हे घे!" टोपी तिच्या मांडीवर ठेवली. "आणि कुठे काम करतेस ते खरं सांग!"

तिने हातमोजे काढले. सगळ्यांसमोर. नुसत्या डोळ्यांना ते हात निगेटिव्हपेक्षा वाईट दिसतात.

"सान्तियागोला एक लॅब आहे. मोठ्या फिल्म हाताने धुतो आम्ही. ऑगस्टात बंद होतेय," म्हणाली.

"आणि मग लेन्स सोडून का निघालीस मूर्खासारखी? काय खाणार होतीस?"

"तू काय खाल्लं असतंस?"

मागचे लोक ओरडत होते, म्हातारे उतर, बस निघायचीय. मला माहीत होतं आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही. आणि मला हळू बोलता येत नाही. कधीच आलं नाही.

"ती काच मीच उलटी बसवली होती!"

कंडक्टरला वाटलं मी खून कबूल करतेय.

झोराइदा हलली सुद्धा नाही. "माहीत आहे."

"माहीत आहे? बावीस वर्षं माहीत आहे? मग मूग गिळून बसली होतीस का? बोलायला काय झालं होतं? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं ताई," ती म्हणाली. "डार्करूमच्या दारात. दोनदा सांगितलं. तू ओरडत होतीस."

कंडक्टरने मला दंडाला धरून खाली उतरवलं, जरा अदबीनेच. खिडकीतून ती म्हणाली, "फोटो पाठव. रिटच करू नकोस." बस मागे सरकली, वळली आणि गेली.

११ जुलै, सोमवार

सकाळी एक आई आणि तिची नवरी मुलगी आली. शनिवारी लग्न आहे, कोमाद्रेवरच फोटो हवा म्हणे.

"कोमाद्रे गेली," म्हटलं.

"कुठे?"

"जिची होती तिच्याकडे. दुसरी आहे. त्यात जशी आहेस तशी दिसशील."

आईने पोरीकडे बघितलं, पोरीने आईकडे. विचार करून सांगतो म्हणाल्या. सांगणार नाहीत. मी ओरडले नाही. पेत्रोनिलाने दोनदा येऊन कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

निगेटिव्ह वाळली. छापली. फोटो कोपऱ्यात उभा करून ठेवलाय, उद्या पोस्टात टाकेन.

सकाळपासून मी तो दिवस आठवायचा प्रयत्न करतेय. डार्करूमचं दार, बाबा खुर्चीवर, गल्लीतली माणसं, सगळं स्वच्छ दिसतं. ती दारात उभी आहे आणि काहीतरी सांगतेय. तिचे ओठ हलताना दिसतात. आवाज माझाच येतो.